बाबांची बॅग गढूळ झाली, दोष कोणाचा?

प्रश्न : आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडवर, कासारवडवलीजवळ राहतो. वन बीएचके घर आहे. सासऱ्यांचे वय ६८, मधुमेह जुना आहे आणि फेब्रुवारीपासून त्यांचे पोटाचे डायलिसिस घरीच सुरू आहे, म्हणजे नळीतून बॅगेतले औषधी पाणी पोटात भरायचे आणि काही तासांनी काढून टाकायचे. रोज चार बॅगा असतात. दोन मी बदलते, दोन सासूबाई. मागच्या महिन्यात एका शनिवारी संध्याकाळी पोटातून निघालेले पाणी गढूळ दिसले. ताप नव्हता, म्हणून सोमवारी ओपीडीत दाखवू असे ठरवले. रविवारी रात्री पोट असह्य दुखू लागले आणि त्यांना दाखल करावे लागले. आता ते घरी आहेत, बॅगेतून द्यायच्या अँटिबायोटिकचा कोर्स संपत आला आहे. नंतर सासूबाईंनी रडत सांगितले, की दोन दिवस आधी नळीचे उघडे टोक चादरीला लागले होते, पण सगळे रागावतील म्हणून त्या बोलल्या नाहीत. तेव्हापासून घरात अबोला आहे. मी रोज दोनदा फिनेलने लादी पुसते, तरी भीती जात नाही. यजमान म्हणतात, हे बंद करून रक्ताच्या डायलिसिसच्या मशीनवरच नेऊ. गणपतीला चिपळूणजवळच्या गावी जायचे आहे. बाबांना न्यावे का? आणि पुन्हा असे होऊ नये म्हणून काय करावे?
— एक सून, ठाणे

उत्तर : ताई, पत्रात तुम्ही एका वाक्यात उरकलेली गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, म्हणून तिथूनच सुरुवात करते. सासूबाईंच्या हातून नळीचे टोक चादरीला लागले. दिवसाला चार म्हणजे वर्षाला सुमारे दीड हजार वेळा नळी जोडायची आणि सोडवायची असते. त्यात असे कधीतरी होणारच. रुग्णालयात वर्षानुवर्षे हेच काम करणाऱ्या परिचारिकांच्या हातूनही होते. त्याच दिवशी पोटाच्या डायलिसिसच्या (पीडी) केंद्राला कळले असते, तर पुढचे बरेच काही टळण्याची शक्यता होती. सासूबाई बोलल्या नाहीत त्या निष्काळजीपणामुळे नव्हे, तर बोलणी खावी लागतील या धास्तीने. आणि ही धास्ती घरातून घालवणे हा तुमच्या शेवटच्या प्रश्नावर माझा पहिला उपाय आहे. ज्या घरात बॅग बदलणाऱ्या माणसाला 'आज माझ्याकडून चुकले' असे बिनधास्त सांगता येत नाही, त्या घरात लादी कितीही पुसली तरी रुग्ण सुरक्षित नसतो. आज संध्याकाळच्या बॅगेच्या आधी सासूबाईंशी बोला, आणि हे बोलणे यजमानांसमोर होऊ द्या.

शिवाय संसर्ग त्या चादरीमुळेच झाला, हे तुम्ही गृहीत धरले आहे. डिस्चार्जच्या कागदांत पोटातल्या पाण्याच्या कल्चरचा, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीचा, रिपोर्ट शोधा आणि त्यात कोणत्या जंतूचे नाव आहे, ते पीडी केंद्रातल्या परिचारिकेला किंवा डॉक्टरांना विचारा. त्वचेवर नेहमी असणारे स्टॅफिलोकोकस जातीचे जंतू निघाले, तर हाताचा किंवा नळीचा स्पर्श, नाहीतर नळी बाहेर येते त्या जागेचा संसर्ग, अशी दिशा मिळते. ई. कोलायसारखे आतड्यातले जंतू निघाले, तर पोट साफ नसण्याचा विचार करावा लागतो. सुडोमोनास निघाला, तर ओलावा आणि पाणी यांच्याकडे लक्ष द्यावे लागते. काही वेळा कल्चरमध्ये काहीच वाढत नाही. हा रिपोर्ट न पाहता घरातल्या एका माणसाला दोषी ठरवणे योग्य नाही.

टोक कुठे लागलेच, तर काय करायचे, हे आता तुम्ही दोघींनी एकत्र बसून पाठ करावे. नव्या बॅगेच्या नळीचे टोक जोडण्याआधी कशाला लागले, तर ती बॅग वापरायची नाही, दुसरी घ्यायची. बॅग महाग असते आणि ती तशीच टाकून देताना जीव तुटतो, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. पण त्या एका बॅगेपायी पुढे होणारा रुग्णालयाचा खर्च आणि बाबांचे हाल यांचा हिशेब मांडला, तर ती टाकणेच स्वस्त पडते. बाबांच्या बाजूच्या नळीचे, म्हणजे ट्रान्सफर सेटचे, उघडे टोक कशाला लागले, तर क्लॅम्प (नळी बंद करणारी चाप) बंद आहे की नाही हे आधी पाहायचे, उघडा असेल तर तत्क्षणी बंद करायचा, नवी मिनी कॅप, म्हणजे टोकाचे छोटे झाकण, लावायची, पुढची बॅग जोडायची नाही आणि केंद्राला फोन करायचा. क्लॅम्प तेव्हा बंदच होता का, आणि त्यानंतर पोटात पाणी भरले गेले का, हे दोन प्रश्न ते नक्की विचारतील. क्लॅम्प बंद असेल आणि पाणी भरले नसेल, तर बहुधा ट्रान्सफर सेट बदलून भागते. पाणी आत गेले असेल किंवा क्लॅम्प उघडा राहिला असेल, तर संसर्ग दिसण्याची वाट न पाहता अँटिबायोटिक सुरू करतात. टोक स्पिरिटने किंवा सॅनिटायझरने पुसून 'चालेल आता' म्हणत जोडणे, हा घरगुती उपाय मात्र कधीही करू नये.

आता त्या शनिवारविषयी. हे लिहिताना तुम्हाला दुखवण्याचा हेतू नाही, परंतु स्पष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे : ताप नव्हता म्हणून सोमवारपर्यंत थांबणे ही चादरीपेक्षा अधिक धोक्याची गोष्ट होती. पोटाच्या पडद्याच्या संसर्गात, ज्याला डॉक्टर पेरिटोनायटिस म्हणतात, ताप उशिरा येऊ शकतो किंवा येतही नाही, आणि मधुमेही रुग्णाला दुखणेही कमी जाणवू शकते. पाणी गढूळ होणे हेच अनेकदा पहिले आणि काही तासांपुरते एकमेव लक्षण असते, आणि उपचार जितके लांबतात तितकी नळी काढावी लागण्याची शक्यता वाढत जाते. निरोगी रुग्णाच्या बॅगेतले निघालेले पाणी फिक्या पिवळ्या रंगाचे आणि आरपार दिसणारे असते. भरलेल्या ड्रेन बॅगेमागे वर्तमानपत्र धरा. बातमीची अक्षरे वाचता आली तर ठीक, आणि पाणी भाताच्या पेजेसारखे दिसून अक्षरे पुसट झाली, तर त्याच क्षणी केंद्राला फोन करा. फोन लागला नाही, तर ती बॅग न ओतता, नळी बंद करून, तशीच पिशवीत घालून सोबत घ्या आणि रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. तिथे त्या पाण्यातल्या पांढऱ्या पेशी मोजतात. दर मायक्रोलिटरला १०० हून अधिक पेशी आणि त्यांत निम्म्याहून जास्त न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) असतील, तर संसर्ग धरून लगेच औषध सुरू करतात, कल्चरचा निकाल येईपर्यंत थांबत नाहीत. रात्री अकरा वाजता गढूळ पाणी दिसले, तर रात्री अकरालाच निघायचे. घोडबंदर रोडवर सकाळच्या वाहतुकीत अडकण्यापेक्षा रात्रीची रिक्षा लवकर पोहोचते. पाण्यात पांढरे तंतू दिसले आणि बाकी पाणी स्वच्छ असेल, तर ते बहुधा फायब्रिन, म्हणजे एका प्रथिनाचे तंतू, असतात, तरी त्याचीही माहिती केंद्राला द्यावी. आणि पाणी स्वच्छ असूनही पोट दुखत असेल, तर तेवढ्यावरच फोन करायला हरकत नाही.

रात्रीपाळीला असणाऱ्या नव्या डॉक्टरांनी पोटाचे डायलिसिस फारसे पाहिलेले नसते, असेही होते. म्हणून एका जाड कागदावर बाबांचे निदान, पीडी केंद्राचा क्रमांक, साखरेच्या कोणत्या टक्केवारीच्या बॅगा चालू आहेत, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे आणि मागच्या वेळी कोणता जंतू निघाला, हे लिहून तो कागद बॅगांच्या खोक्यावरच चिकटवून ठेवा.

तुमच्या फिनेलविषयी. लादी स्वच्छ असावी, पण जंतू लादीवरून उडी मारून पोटात जात नाहीत. पोटात शिरायची त्यांची मुख्य वाट म्हणजे कॅप काढल्यापासून नळी जोडली जाईपर्यंतचे आणि पुन्हा सोडवून नवी कॅप लागेपर्यंतचे काही क्षण, आणि त्या क्षणांत नळीजवळ असतात ते तुमचे हात, तुमचा श्वास आणि खोलीतली हलती हवा. दोनदा पुसण्यात जाणारा वेळ त्या क्षणांच्या तयारीला द्या.

हात धुण्याबाबत लोक मला म्हणतात, 'ते आम्हाला माहीत आहे', आणि नंतर बॅग बदलताना पाहिले की नेमके तिथेच घाई झालेली असते. अंगठी काढावी, बांगड्या कोपराकडे सरकवून घ्याव्यात, नखे कापलेली असावीत, मंगळसूत्र आणि ओढणी पुढे लोंबत नसावी. साबण लावून बोटांच्या बेचक्या, अंगठे आणि नखांची टोके चोळत, धुण्यापासून कोरडे करण्यापर्यंत ४० ते ६० सेकंद द्यावेत. पाणी वाहते हवे. तुमच्या भागातल्या अनेक सोसायट्यांत टँकर येतो आणि नळाचे पाणी ठरावीक वेळेलाच असते, हे मला माहीत आहे. अशा वेळी बादलीत हात बुडवून धुवू नका, तळाशी तोटी असलेला झाकणाचा कॅन भरून ठेवा आणि तो दर दोन-तीन दिवसांनी रिकामा करून घासा. हात पुसायला बाथरूमच्या दारामागचा टॉवेल घेऊ नका. पावसाळ्यात तो दिवसभर दमट राहतो आणि त्यावर धुतलेले हात पुसले, की सगळी मेहनत वाया जाते. कागदी नॅपकिन किंवा बॅगेगणिक एक धुतलेला, इस्त्री केलेला रुमाल ठेवा. हात पूर्ण कोरडे झाल्यावरच सॅनिटायझर चोळा आणि तो आपोआप वाळू द्या. मग मोबाइल वाजला, दारावर कोणी आले किंवा चष्मा सरकला आणि हात लागला, तर पुन्हा पहिल्यापासून. सासूबाईंना ही उजळणी कंटाळवाणी वाटली, तर फोन सायलेंट करून बाहेरच्या खोलीत ठेवण्याचा नियम करा. तेवढ्याने निम्मे व्यत्यय जातात.

मास्क तुम्ही लावाल तसा बाबांनीही लावायचा, कारण नळी त्यांच्याच नाकाखाली उघडते. दार-खिडक्या बंद आणि पंखा व एसी बंद. घोडबंदरच्या मेट्रोच्या कामाची धूळ तुमच्या खिडकीत रोज जमत असेलच. उकाड्यात बाबांना घाम फुटतो म्हणून पंखा चालू ठेवणारे लोक असतात, त्यांना मी सांगते, की जोडणी पूर्ण होऊन पाणी उतरू लागल्यावर केंद्राची हरकत नसेल तर पंखा लावा, पण सोडवण्याच्या आधी आठवणीने बंद करा. देवघरासमोरची जागा बॅग बदलण्यासाठी वापरत असाल, तर त्या वेळी उदबत्ती, फुले-हार आणि नैवेद्याची ये-जा तिथे नसावी. छोट्या घरात स्वतंत्र खोली मिळत नाही. बेडरूमचा एक कोपरा आणि फक्त याच कामासाठी ठेवलेले, पुसून घेता येईल असे एक टेबल पुरते.

नवी बॅग उघडल्यावर तारीख, टक्केवारी, पाण्याचा रंग पाहा आणि ती दाबून गळती आहे का ते पाहा. बॅग कोमट करण्यासाठी गरम पाण्याच्या टोपात बुडवणे, गॅसजवळ ठेवणे किंवा मायक्रोवेव्हमध्ये घालणे टाळा. पाण्यात बुडवल्यावर जोडणीच्या टोकाभोवती ओल राहते आणि मायक्रोवेव्हमध्ये पाणी एका जागी उकळते आणि दुसरीकडे गारच राहते. केंद्राने सांगितलेला कोरडा हीटिंग पॅड वापरावा. पोटात भरण्याआधी नव्या पाण्याची थोडी धार सरळ ड्रेन बॅगेत सोडायला शिकवलेले असेल. ती पायरी कधीही गाळू नका. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या पोपोविच आणि मॉनक्रिफ या संशोधकांनी बॅगांच्या डायलिसिसची ही पद्धत मांडली, तेव्हा सुरुवातीच्या वर्षांत संसर्ग वारंवार होत. दोन बॅगांची जोडनळी आणि आधी धुवून मग भरणे ही रीत आल्यावर ते प्रमाण बरेच खाली आले.

नळी पोटातून बाहेर येते ती जागा रोज नीट उजेडात पाहायची. लाली, ओल, पू, खपली, दाबल्यावर दुखणे किंवा नळीच्या वाटेवर कातडीखाली गाठ लागणे, यांतले काहीही दिसले, तर त्याच दिवशी कळवा, कारण बाहेरचा हा संसर्ग नळीच्या कडेने आत उतरू शकतो. साफ करून कोरडे केल्यावर केंद्राने दिलेले म्युपिरोसिन किंवा जेंटामायसिनचे मलम लावायचे. दुकानदाराने सुचवलेले दुसरे मलम, हळद, अंगारा किंवा पावडर नको. खपली ओढून काढायची नाही. नळी टेपने किंवा पट्ट्याने पोटाला स्थिर बांधलेली हवी, म्हणजे लुंगीची गाठ किंवा पँटचा पट्टा तिला ओढणार नाही. नळीजवळ कात्री कधीही नेऊ नका. बादलीतल्या तांब्याने अंघोळ करत असतील, तर पाणी वरून खाली वाहून जाऊ द्या. टबात, तलावात, नदीत उतरायचे नाही, आणि विसर्जनालाही ते काठावरच थांबतील, असे घरात आताच ठरवून टाका.

पोट साफ होणे हा विषय पुष्कळ लोक संकोचाने टाळतात. बद्धकोष्ठ राहिले, तर आतड्यातले जंतू बाहेरून काहीही न चुकता पोटाच्या पोकळीत पोहोचू शकतात. रोज शौचाला होते का, हे बाबांना विचारा आणि होत नसेल तर औषध डॉक्टरांकडूनच घ्या, कारण बाजारातल्या मॅग्नेशियम किंवा फॉस्फेट असलेल्या रेचकांनी मूत्रपिंडाच्या रुग्णाला अपाय होतो. रक्तातले पोटॅशियम कमी होणे हेही अशा संसर्गाशी जोडलेले आहे. शेजारच्या कोणी मशीनवरच्या डायलिसिसचा आहार-तक्ता दिला असेल आणि त्यावरून केळी, शहाळे, बटाटा असे पोटॅशियमचे सगळे पदार्थ बंद केले असतील, तर तो तक्ता बाबांना तसाच लागू पडेल असे समजू नका. रक्त तपासून आहारतज्ज्ञाला विचारा. पोटाच्या डायलिसिसमध्ये दिवसाला साधारण ५ ते १० ग्रॅम प्रथिने पाण्यावाटे निघून जातात आणि संसर्गात त्याहून जास्त, म्हणून अंड्याचा पांढरा भाग, मासे किंवा डाळ-पनीर हे त्यांच्या जेवणात किती असावे, तेही त्याच भेटीत ठरवा.

कोर्स संपत आला असला, तरी शेवटच्या दिवसापर्यंत पूर्ण करा. अँटिबायोटिकच्या काळात बुरशीचा संसर्ग होऊ नये म्हणून वेगळे औषध लागते का, हे विचारून घ्या, कारण बुरशीच्या संसर्गात नळी तातडीने काढावीच लागते. कोर्सनंतरचे चार आठवडे रोज प्रत्येक बॅग वर्तमानपत्रासमोर धरा. तोच जंतू पुन्हा उठण्याचा हा काळ असतो. आणि याच महिन्यात तुम्ही दोघींनी केंद्रात जाऊन पुन्हा प्रशिक्षण घ्या. संसर्गानंतर ते घ्यावे अशी आंतरराष्ट्रीय शिफारसच आहे. परिचारिकेसमोर तुम्ही एकेक बॅग बदलून दाखवा, म्हणजे महिन्यागणिक नकळत गळत गेलेल्या पायऱ्या तिला दिसतील. सासूबाईंना मोतीबिंदू असेल किंवा हात थरथरत असतील, तर तेही तिथेच मोकळेपणाने निघेल. ट्रान्सफर सेट साधारण सहा महिन्यांनी बदलतात. फेब्रुवारीत सुरुवात झाली म्हणजे तीही तारीख जवळ आली आहे.

यजमानांचे म्हणणे मी समजू शकते. वडिलांना वेदनेत पाहिल्यावर हे बंद करावे असे कोणालाही वाटेल. परंतु बरा झालेला एक संसर्ग हे पद्धत बदलण्याचे कारण नव्हे. दर रुग्णामागे वर्षाला ०.४ हून अधिक वेळा, म्हणजे अडीच वर्षांत सरासरी एकाहून जास्त वेळा, संसर्ग होऊ नये असे उद्दिष्ट केंद्रांसमोर ठेवलेले असते. चांगल्या केंद्रांतही तो शून्य नसतो. मशीनवर संसर्ग होत नाही, हाही गैरसमज आहे. मशीनसाठी मानेत बसवलेल्या नळीतून होणारा रक्ताचा संसर्ग गंभीर असतो, आठवड्यातून बहुधा तीन वेळा केंद्रात जावे लागते, आणि बाबांना अजून थोडी लघवी होत असेल, तर ती पोटाच्या डायलिसिसमध्ये सहसा जास्त काळ टिकते. पाणी पाच दिवसांच्या उपचारानेही स्वच्छ झाले नसते, किंवा तोच जंतू पुन्हा पुन्हा उठला असता, तर माझा सल्ला वेगळा असता. अखेरचा निर्णय तुमच्या नेफ्रॉलॉजिस्टचा (मूत्रपिंडतज्ज्ञांचा), आणि त्या चर्चेत बाबांनाही बसवा. पत्रात त्यांचे स्वतःचे मत कुठेच दिसले नाही.

राहिले गाव. कोर्स संपून चार आठवडे पाणी स्वच्छ राहिले आणि डॉक्टरांनी होकार दिला, तर न्यायला हरकत नाही, पण घर पाहुण्यांनी भरलेले असेल, म्हणून माजघराऐवजी दार लावता येईल अशी खोली आधी मागून घ्या. बॅगा आणि मिनी कॅप गाडीत ऐनवेळी कोंबण्यापेक्षा आधी पाठवा. लागतील त्याहून दोन-तीन दिवसांच्या जास्त ठेवा, कारण गणपतीत मुंबई-गोवा महामार्गावर किती वेळ जाईल सांगता येत नाही. खोकी जमिनीवर न ठेवता पाटावर किंवा लाकडी फळीवर, भिंतीपासून दूर ठेवा, म्हणजे ओल लागणार नाही. विहिरीच्या पाण्याने हात धुवायचे असतील, तर ते उकळून गार करून तोटीच्या कॅनमध्ये भरा, आणि सॅनिटायझर घरून न्या. प्रवासातच बॅग बदलायची वेळ आली, तर हलत्या गाडीत बदलू नका. ती कधी आणि कुठे बदलायची, हे निघण्याआधी केंद्राला विचारून ठरवा. चिपळुणात पीडीच्या रुग्णाला रात्री कोण पाहील, याची चौकशी आत्ताच फोनवर करा आणि ते नाव त्या जाड कागदावर लिहून ठेवा. ते मिळाले नाही, तर यंदा बाबांसोबत ठाण्यात कोणी थांबायचे, हे सगळ्यांनी मिळून ठरवा. ते ओझे सासूबाईंवर शिक्षा म्हणून टाकू नका.